बारा व्होल्टची घरघर

ग्राफिक्स कार्ड घेताना माणूस सगळं विचारून घेतो. मेमरी किती जीबी, वॅट किती, कोणता गेम कितपत चालेल, हप्ते किती महिन्यांचे. दुकानदारही न थकता उत्तरं देतो. पण ‘पंख्याला बुश आहे की बॉल बेअरिंग?’ असं विचारणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. आणि पाच-सहा वर्षांनी नेमकं तेवढंच विचारायला हवं होतं असं निघतं. अब्जावधी ट्रान्झिस्टरांची ती चिप ठणठणीत असते, मेमरी शाबूत असते, आणि अख्ख्या कार्डात सर्वांत स्वस्त असलेला तो प्लॅस्टिकचा पंखा मात्र सगळ्यांना वेठीला धरून बसतो.

हे दुखणं तसं अलीकडचं. 1996 साली आलेल्या पहिल्या व्हूडू कार्डावर पंखा नव्हताच. चिपा उघड्या अंगाने बसलेल्या असत आणि कोणाची तक्रार नसे. 1999 मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स 256 आणलं, ‘जगातला पहिला जीपीयू’ अशी त्याची जाहिरात केली, आणि या पहिल्या मानकऱ्याच्या डोक्यावर एक छोटा पंखा फिरत होता. तेव्हापासून चिप जेवढी हुशार तेवढी तापट, हे ठरून गेलं. 2003 च्या जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्राचा पंखा तर असा किंचाळायचा की लोकांनी त्या कार्डाला हातात धरायच्या एका व्हॅक्यूम क्लीनरचं नाव ठेवलं. शेवटी कंपनीने स्वतःच स्वतःची टिंगल करणारी चित्रफीत काढली. आपल्याकडच्या मिक्सरवाल्यांनी अजून एवढा मोकळेपणा दाखवलेला नाही.

पंखा का मरतो याचं कारण साधं आहे. स्वस्तातल्या पंख्यांत पात्यांचा दांडा ब्राँझच्या सच्छिद्र बुशमध्ये फिरतो. त्या छिद्रांत कारखान्यातच थेंबभर तेल मुरवलेलं असतं. ही त्याची जन्माची शिदोरी. आता काम बघा. मिनिटाला 2,500 फेरे धरले तर तासाला दीड लाख होतात. माणूस लक्ष प्रदक्षिणांचा संकल्प सोडतो, चातुर्मासभर कशाबशा पुऱ्या करतो आणि मग उद्यापनाला गाव जेवू घालतो. इथे दर चाळीस मिनिटांनी एक लाख पुरे होतात आणि उद्यापनाला तेलाचा थेंबसुद्धा नाही. त्यातून उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं बसतं आणि पंख्याचं तोंड जमिनीकडे असतं. म्हणजे हा जन्मभर उलटा लटकलेला, आणि वर चिपची धग. तेल आटतं, उरलेल्यात पुण्याची धूळ कालवली जाते, दांडा बुशला खात जातो आणि पाती डुलायला लागतात.

या आजाराच्या तीन अवस्था आहेत. पहिली डिसेंबरातल्या सकाळी सुरू होते. कॉम्प्युटर चालू केला की पाच मिनिटं ‘खर्रर्र’, मग गप्प. गारठ्याने घट्ट झालेलं तेल जरा पातळ झालं की पंखा सावरतो. आमच्या घरात या आवाजाचं निदान ज्याने त्याने आपापल्या खात्याप्रमाणे केलं. आईला तो वरच्या मजल्यावरचा मिक्सर वाटला, आणि ‘एवढ्या सकाळी कसली चटणी वाटतात ही माणसं’ यावर तिचं दोन दिवस चिंतन चाललं. बायकोने फ्रिजचा कॉम्प्रेसर गेल्याचं जाहीर करून एक्स्चेंज ऑफरची चौकशीही सुरू केली. वडिलांचं म्हणणं, आवाज कसलाही असो, आधी मीटर बघा. मुलगी म्हणाली, “बाबा, हा आवाज गेल्या दिवाळीपासून येतोय. म्हणून तर मी हेडफोन घेतले.” पुढच्या पिढीचा बिघाडाकडे बघण्याचा दृष्टिकोन इतका समंजस आहे.

दुसऱ्या अवस्थेत आवाज मुक्कामाला येतो. मग कॅबिनेटवर थाप मारायची प्रथा पडते. टीव्ही, रेडिओ आणि स्कूटर यांच्यावर तीन पिढ्या सिद्ध झालेली ही थाप इथेही लागू पडते, कारण डुलणारा दांडा हिसक्याने जरा वेगळ्या जागी टेकतो आणि घासणं थोडा वेळ थांबतं. थाप कुठे आणि किती जोरात मारायची, याचं ज्ञान घरातल्या एकाच माणसाकडे असतं आणि तो ते सहसा कोणाला शिकवत नाही. पाहुण्यांसमोर तो उठतो, शांतपणे एक चापट देतो आणि परत येऊन बसतो. त्या वेळच्या त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान नवीन कार्ड घेणाऱ्याच्या नशिबी नाही.

तिसरी अवस्था शांततेची, आणि फसगत होते ती इथे. आवाज थांबतो, घरात बरं वाटतं, ‘बघ, आपोआप सुटलं’ असं कोणीतरी म्हणतं. सुटलेलं काही नसतं, पंखा गेलेला असतो. चिप शहाणी असते. तापमान ऐंशी अंशांच्या पुढे सरकलं की ती स्वतःहून कामाचा वेग उतरवते, आणि त्यानेही भागलं नाही तर सरळ संप पुकारते. त्यामुळे ऐन लढाईत पडदा काळा होतो. मुलांना वाटतं इंटरनेट गेलं, मोठ्यांना वाटतं व्हायरस शिरला, आणि ऑफिसातला जाणकार फोनवर “विंडोज परत टाका” हे सांगून मोकळा होतो. विंडोज परत टाकल्याने पंखा फिरल्याचं एकही उदाहरण नाही. तरी हा उपाय दर वेळी पहिला येतो, कारण त्याला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

इथे एक उलटा घोटाळाही आहे. हल्लीची बरीच कार्डं काम नसताना पंखे मुद्दाम बंद ठेवतात. तापमान साधारण पन्नास-साठ अंशांच्या वर गेलं की मगच ते फिरू लागतात. आमच्या भाच्याने नवं कार्ड बसवलं, कॅबिनेटला काचेची खिडकी होतीच, आणि पहिल्याच रात्री त्याचा फोन आला. “मामा, दोन्ही पंखे डेड! रिटर्न टाकू?” त्याला म्हटलं, “काय करतोयस?” म्हणाला, “पंख्यांकडे बघत बसलोय.” पंख्यांकडे बघत बसल्याने कार्ड तापत नाही. गेम सुरू केल्यावर पंखे फिरले, भाचा नाचला आणि घरातल्यांनी पुन्हा झोपेची आराधना केली. म्हणजे जुना पंखा न फिरणं हा मृत्यू आणि नव्याचं न फिरणं ही सोय. दोन्ही दिसायला सारखीच.

पंखा गेल्याची बातमी पसरली की सल्लागार जमतात. त्यातला पहिला वर्ग ‘नवं घ्या’वाल्यांचा. यात प्रामुख्याने आयटीतले मेहुणे येतात. त्यांच्या मते पाच वर्षं जुनी वस्तू दुरुस्त करणं म्हणजे देशाच्या प्रगतीत अडथळा. पंखा काही शे रुपयांचा, कार्ड काही हजारांचं, पण ते सहज म्हणतात, “अरे, तसंही अपग्रेड करायचंच होतं ना?” करायचं नव्हतं. पण समोरच्याचं ठाम मत ऐकलं की आपल्याला करायचं होतं असं वाटायला लागतं.

दुसरा वर्ग टेबलफॅनवाल्यांचा. हे कॅबिनेटचं झाकण कायमचं काढून भिंतीला टेकवून ठेवतात आणि शेजारी स्टुलावर टेबलफॅन सोडतात. उपाय बिनडोक वाटतो पण चालतो. कार्ड गार, मशीन चालू. गैरसोय एवढीच की बारा व्होल्टच्या पंख्याचं काम 230 व्होल्टचा पंखा करतो, आणि घरातल्या माणसांनी उकाड्यात बसून त्याच्याकडे बघायचं. मे महिन्यात यावरून मतभेद होतात.

तिसरा वर्ग तेलवाल्यांचा, आणि त्यात पोटशाखा आहेत. एक शाखा लांब नळीच्या स्प्रेची. तो फवारा गंज सोडवायला चांगला, वंगण म्हणून टिकत नाही. आठवडाभर पंखा गुळगुळीत फिरतो आणि मग पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडतो. दुसरी शाखा खोबरेल तेलाची. ज्या तेलाने तीन पिढ्यांचे केस सांभाळले ते एवढ्याशा पंख्याला का चालू नये, असा त्यांचा सवाल असतो. उत्तर बाथरूममधल्या बाटलीतच आहे. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. पुण्याच्या जानेवारीत ती बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते, तसं मग ग्राफिक्स कार्डही ठेवावं लागेल. योग्य तेल ते शिलाई मशीनचं. पातळ, स्वच्छ आणि कुठल्याही शिवणयंत्राच्या दुकानात मिळणारं.

तेल घालण्याची कृती अशी. आधी मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली. कार्ड बाहेर काढायचं, पंखा सोडवायचा. पंख्याच्या मध्यावर मागच्या बाजूला कागदी स्टिकर असतो. तो हळूच उचलला की काहींत रबराचं बूच दिसतं आणि त्याखाली दांड्याचं टोक. तिथे एक थेंब. एकच. इथे आपल्या संस्कृतीची अडचण होते. ‘अजून थोडं घाल, कोरडं वाटतंय’ हे वाक्य फोडणीच्या वेळी ठीक आहे, पण इथे जास्त झालेलं तेल बाहेर येतं, पात्यांवरून उडतं आणि कार्डाची पाटी चिकट करून धुळीला कायमचं आमंत्रण देतं. शिवाय तेलकट झालेला तो स्टिकर परत चिकटत नाही, म्हणून वरून टेपचा तुकडा लावायचा. काही पंखे मात्र पूर्ण बंद असतात. त्यांना बूच नाही, भोक नाही. त्यांची पाती ओढून काढावी लागतात, आणि ती कशी निघतात यापेक्षा परत कशी बसतात हा प्रश्न मोठा असतो.

साफसफाईचाही एक देशी प्रकार आहे. कार्ड पिशवीत घालून पंक्चरवाल्याकडे न्यायचं आणि कॉम्प्रेसरची हवा मारून घ्यायची. धूळ उडते यात शंका नाही. पण त्या झोताने पंखा असा फिरतो की उरलीसुरली बेअरिंग तिथेच शांत होते. ज्यांना हवाच मारायची आहे त्यांनी पातं बोटाने धरून मारावी. पंक्चरवाल्याला हे सांगितलं तर तो आपल्याकडे ज्या दयेने बघतो ती सहन करावी.

तेलाने भागलं नाही की नवा पंखा शोधायची वेळ येते. मुंबईकर लॅमिंग्टन रोड गाठतो, पुणेकर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथला संवाद साधारण ठरलेला असतो.

“पंखा हवाय.”

“छताचा, टेबलाचा, एक्झॉस्ट?”

“ग्राफिक्स कार्डाचा.”

“जुना आणलाय?”

“फोटो आहे ना.”

“फोटोला स्क्रू बसत नाही.”

म्हणून जुना पंखा बरोबर न्यावा. जाणकार दुकानदार तो उलटा करतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि स्टिकरवरचे बारीक आकडे वाचतो. बघायच्या गोष्टी चारच असतात. पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, तारा किती, आणि कनेक्टर कसला. गिऱ्हाईकाला यातला पहिला मुद्दा सोडून बाकी सगळे किरकोळ वाटतात, आणि पहिलाही फारसा पटत नाही. “85 ऐवजी 87 चा दिला तर? दोन मिलिमीटरनं काय होतंय?” होतं हे की पाती कव्हरला घासतात, आणि जो आवाज बंद करायला आपण बाहेर पडलो तोच नव्या पंख्यासकट घरी येतो.

तारांचं राजकारण वेगळंच. दोन तारांचा पंखा साधा सरळ, वीज मिळाली की फिरतो. तिसरी तार असली तर तिच्यातून तो आपला वेग कार्डाला कळवतो, म्हणजे ती हजेरीची तार. चौथीतून कार्ड त्याला हुकूम सोडतं, हळू हो, जोरात हो. दोन तारांचा पंखा चारवाल्याच्या जागी जोडला तर तो फिरतो, पण हजेरी देत नाही आणि हुकूमही ऐकत नाही. सरकारी खात्यात हे चालून जातं, काही कार्डांवर चालत नाही. आणि कनेक्टरची गंमत अशी की कॅबिनेटच्या पंख्याच्या पिनांमध्ये 2.54 मिलिमीटरचं अंतर असतं, तर बऱ्याच कार्डांवर 2 मिलिमीटरचं. दुरून जुळे भाऊ, जवळून पत्रिका जुळत नाही. मधे एक जोडवायर लागते. तपकीर गल्लीत ती एका दुकानात संपलेली असते आणि दुसऱ्यात ‘येणार’ असते.

हुबेहूब पंखा ऑनलाइन मिळतो, पण पुष्कळदा जोडीने. दोनातला एक गेला असला तरी दोन्ही घ्या. विक्रेत्याचं म्हणणं चुकीचं नसतं. दोघे एकाच दिवशी कामाला लागले, एकाच उष्णतेत झिजले. एक गेला की दुसऱ्याचे दिवस भरत आलेले असतात. फक्त आपल्याला ते ऐकायचं नसतं.

एवढी धावपळ नको असेल त्यांच्यासाठी केबल टाय आहे. कार्डाचं प्लॅस्टिकचं कव्हर पंख्यांसकट काढायचं आणि उघड्या हीटसिंकवर कॅबिनेटचे दोन 92 मिलिमीटरचे पंखे केबल टायने बांधायचे. दिसायला तो प्रकार अपघातानंतरच्या फ्रॅक्चरसारखा दिसतो. पण मोठ्या पात्यांचा पंखा हळू फिरूनही भरपूर हवा देतो, त्यामुळे कार्ड अनेकदा पहिल्यापेक्षा गार आणि शांत राहतं. अडचणी दोनच. कार्डाची जाडी वाढून खालचा स्लॉट झाकला जातो. आणि पंखे मदरबोर्डला जोडले तर ते प्रोसेसरची नाडी बघून कार्डाला वारा घालतात. प्रोसेसर निवांत, कार्ड होरपळतंय, पंखा आरामात. त्यासाठी फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात पंख्याला कार्डाच्या तापमानाकडे बघायला लावता येतं. माणसांसाठी असं सॉफ्टवेअर निघायला हवं.

काही कार्डांत पंख्यापर्यंत पोचायला हीटसिंकच उतरवावा लागतो. चिपच्या भोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू एकदम न काढता समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे सैल करायचे. मधली थर्मल पेस्ट तोवर खडूसारखी वाळलेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावायची. हे अल्कोहोल घरी आणताना बाटलीवरचं नाव घरच्यांना आधी वाचून दाखवावं, नंतर फार खुलासे करावे लागतात.

यातल्याच एका स्क्रूवर बहुधा तो प्रसिद्ध स्टिकर असतो, ‘काढल्यास वॉरंटी रद्द’. अमेरिकेत 2018 साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना पत्रं धाडून बजावलं की अशा धमक्या सर्वसाधारणपणे कायद्यात बसत नाहीत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. पण मराठी माणसाची पंचाईत निराळीच आहे. वॉरंटी संपून पाच वर्षं झालेली असतात, बिल सापडत नसतं, मूळ दुकानाच्या जागी आता मिसळ मिळते, आणि तरी त्या स्टिकरवर स्क्रू ड्रायव्हर टेकवताना त्याचा हात थरथरतो. ‘बघ हं, वॉरंटी जाईल,’ असं मागून कोणीतरी म्हणतंच.

जुन्या कार्डांच्या बाजारात तर पंख्याएवढा खरा साक्षीदार नाही. क्रिप्टोच्या तेजीत लोकांनी कार्डं रात्रंदिवस राबवली. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, त्या नाण्यासाठी कार्ड राबवण्याचा धंदा एका दिवसात बसला, आणि ती दमलेली कार्डं विक्रीला आली. जाहिराती मोठ्या सोज्वळ. ‘फक्त घरगुती वापर’, ‘मुलगा बारावीत असल्याने विकणे’, ‘हात न लावलेले’. मालक काहीही सांगो, बंद कार्डाचं पातं बोटाने हलवून बघा. ते वर-खाली डुललं, फिरवल्यावर अडखळलं, तर बारावीतला मुलगा चोवीस तास अभ्यास करत होता एवढं समजा. मग एक तर भाव पाडा, नाही तर पंख्याचे पैसे वेगळे धरा.

सगळ्या उपायांचा हिशेब मांडला तर निकाल सरळ आहे. पातं डुलत नसेल, नुसती खरखर असेल, तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. ती मुदतवाढ आहे, उपाय नव्हे, पण काही महिने तरी पदरात पडतात. पातं डुलत असेल तर नवा पंखा, मापं घेऊन आणि शक्य तर बॉल बेअरिंगचा. मापाचा मिळत नसेल तर केबल टाय, आणि कॅबिनेटची काचेची बाजू भिंतीकडे. नवं कार्ड तेव्हाच घ्यावं जेव्हा जुन्याची चिप खरंच गेली असेल, किंवा मेहुणे पैसे देणार असतील.

तेव्हा वाचकहो, पंखा गेला म्हणून कार्डाचं तेरावं घालू नका. आणि एवढं सांगूनही भंगारात द्यायचंच ठरवलंत, तर निदान कोणत्या भंगारवाल्याला दिलंत तेवढं मला कळवा.